एंट्री एकच, आणि मधे बोस्निया

क्रोएशियाचा व्हिसा आला, शेजारी पेढे देऊन झाले, आणि मग ह्यांनी चष्मा लावून स्टिकर वाचला. एंट्री एकच! चूक माझी. अर्जात किती एंट्र्या हव्यात ते विचारतात, मी सवयीने ‘एक’वर खूण केली होती.

‘मग काय झालं? जायचंय एकदाच,’ असं वाटेल. पण क्रोएशिया २०२३पासून शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपी देशांच्या गटात आहे, बोस्निया त्यात नाही, आणि स्प्लिटहून दुब्रोव्निकला जाणारा किनाऱ्याचा जुना रस्ता नेउम गावापाशी नऊ-दहा किलोमीटर बोस्नियातून जातो. तिथे शिरलो की एंट्री संपली, परत आत कसं यायचं?

वाट निघाली ती पेल्येशाट्स द्वीपकल्पाच्या पुलाची. जुलै २०२२मध्ये सुरू झालेला हा पूल बोस्निया टाळून नेतो. पण बस त्यावरूनच जाईल असं गृहीत धरू नका, विचारा.

आधी स्प्लिट. रोमन सम्राट डायोक्लिशनच्या राजवाड्यात आजही लोक राहतात. आमच्या खोलीसमोरच कुणाच्या तरी चादरी वाळत होत्या.

मग ह्वार बेट, आणि माझा दुसरा घोळ. स्वस्त म्हणून तिकीट काढलं ते गाड्या नेणाऱ्या फेरीचं. ती लागते स्टारी ग्राद बंदराला, आणि आमची खोली वीसेक किलोमीटरवर ह्वार गावात. थेट तिकडे जाते ती कॅटमरान बोट, फक्त माणसांची. फेरीला जोडून असलेली बस आम्ही फोटो काढण्यात घालवली.

पण त्यामुळेच तिथला मळा बघायला मिळाला. इ.स.पू. ३८४मध्ये पारोस बेटावरून आलेल्या ग्रीकांनी इथे वस्ती केली आणि शेतं आखली. ती आखणी अजून टिकून आहे. मधे चुन्याशिवाय रचलेले दगडी बांध, थेट आमच्या राजापूरकडचे गडगेच! फक्त जांभ्याऐवजी पांढरा चुनखडीचा दगड, आणि आत काजूऐवजी द्राक्षं नि ऑलिव्ह. ह्यांना एकच प्रश्न पडला, ‘चोवीसशे वर्षांत कुणी बांध कोरला नाही?’ आमचा जमिनीचा दावा चुलत्यांशी अजून चालू आहे, म्हणून.

परत स्प्लिटला येऊन बसच्या तिकीट खिडकीवर दोनदा विचारलं, ‘नो नेउम?’ बाईंनी हसत हवेत बोटाने पूल काढून दाखवला.

पूल आला आणि दोन-तीन मिनिटांत संपलाही. ह्यांनी पासपोर्ट मात्र दुब्रोव्निक येईपर्यंत हातातच धरला होता. कुणी मागितला नाही.