हाकाताचा पांढरा रस्सा

लेक ओसाकाला नोकरीला आहे, म्हणून एप्रिलात पंधरा दिवस जपानला जाऊन आले. देवळं, किल्ले, चेरीचा बहर सगळं बघितलं. त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मला लिहायचंय रश्श्याबद्दल.

हाकाता हा फुकुओका शहराचा भाग. तिथं तोन्कोत्सु रामेनचा, म्हणजे डुकराच्या हाडांच्या रश्श्यातल्या शेवयांचा, वाडगा पुढ्यात आला आणि मी म्हटलं, "अरे, हा तर आपला पांढरा रस्सा!" पण हा पांढरेपणा येतो वेगळ्याच वाटेनं. आपण मटणाच्या अळणीत नारळाचं दूध, खसखस, काजू वाटून घालतो. तिथं नारळ नाही की वाटण नाही. डुकराची हाडं मोठ्या आचेवर तासन्‌तास खळखळ उकळत ठेवतात, त्यातली चरबी आणि चिकटपणा मिसळून पाणीच दुधाळ होतं. वास उग्र, पण पहिल्या भुरक्यात तो विसरायला होतं. आणि भुरका तिथं आवाज करूनच मारायचा!

शेवया बारीक, सरळ आणि बेताच्याच. फुकुओकातल्याच नागाहामाच्या मासळी बाजारातली माणसं घाईत असायची, त्यांच्यासाठी झटपट शिजाव्यात म्हणून बारीक. अशा शेवया रश्श्यात लगेच मऊ पडतात, म्हणून एका वेळी थोड्याच घालतात. संपल्या की "काएदामा" म्हणायचं, नव्या शेवया वाडग्यात पडतात. मी कोल्हापूरच्या सवयीनं रस्सा तळापर्यंत पिऊन बसले होते. आपण मिसळीवर कट पुन्हा मागतो. तिथं रस्सा राखायचा आणि शेवया मागायच्या. लेकानं त्याच्या वाडग्यातला अर्धा रस्सा माझ्या शेवयांवर ओतला.

पुढं ओकायामाहून रेल्वेनं समुद्रावरचा पूल ओलांडून ताकामात्सुला गेलो. तिथल्या कागावा प्रांतात पाऊस कमी, गव्हाची शेती जुनी, त्यामुळं तिथला मान उदोनला. या जाड शेवयांची कणीक पायानं तुडवून मळतात, म्हणूनच दाताखाली तो चिवटपणा लागतो. त्याला ते "कोशी" म्हणतात. रस्सा वाळवलेल्या बारीक मासळीचा. वाडगा तोंडाशी नेला आणि मालवणच्या आजोळची सुकट आठवून डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्या दिवशी दीड वाजता पुन्हा गेलो, तर उदोन संपले म्हणून दुकान बंद.

शेवटी नागानोला सोबा खाल्ल्या, कुट्टूच्या पिठाच्या. जेवण होत आलं तसं बाईंनी झाकणाचं भांडं आणून ठेवलं. त्यात शेवया उकडलेलं गरम पाणी होतं. शेवया बुडवून खाल्लेल्या, उरलेल्या सॉसमध्ये ते ओतून प्यायचं. आमच्या आईनं भाताची पेज कधी टाकून दिली नाही. मी ते पाणी दोनदा मागून घेतलं.