तुम्ही विचारलंत म्हणून : गुळगुळीत नळीचा खडबडीत पृष्ठभाग

मराठवाड्यातल्या महाविद्यालयांत कार्बन नॅनोट्यूबविषयी, म्हणजे कार्बनच्या अणूंच्या अतिसूक्ष्म नळ्यांविषयी, बोलायला गेलो की एम.एस्सी.च्या वर्गातून एक शंका हमखास येते: नळीची भिंत म्हणजे गुंडाळलेली षट्कोनी जाळी असेल, तर तिचा पृष्ठभाग फ्रॅक्टल, म्हणजे जवळून पाहिला तरी पुन्हा तसाच खडबडीत दिसणारा, कसा?

एकट्या नळीपुरती ही शंका रास्तच आहे. एकपदरी नळीचा व्यास जेमतेम एक-दोन नॅनोमीटर आणि भिंत अणूअणूपर्यंत नियमित, त्यामुळे तिला फ्रॅक्टल म्हणण्यात काही अर्थ नाही. प्रयोगशाळेत मात्र आपल्या हाती येते ती काळी भुकटी. तिच्यात नळ्यांच्या जुड्या, जुड्यांचा गुंता, मधूनमधून अस्फटिकी कार्बन, उत्प्रेरकाचे उरलेले कण आणि नायट्रिक आम्लाने शुद्धीकरण करताना भिंतींना पडलेली भोके असतात. फ्रॅक्टल म्हणायचे ते या पसाऱ्याला.

पैठणच्या नाथसागराचा काठ किलोमीटरच्या मापाने मोजला तर एक लांबी येते आणि मीटरच्या मापाने मोजला तर प्रत्येक वळण धरल्यामुळे ती वाढते. भुकटीच्या क्षेत्रफळाचेही तसेच. हा खडबडीतपणा ज्या आकड्यात सांगतात ती फ्रॅक्टल मिती: ती २ असेल तर पृष्ठभाग गुळगुळीत, आणि ती ३ च्या जितकी जवळ तितका तो खडबडीत.

मोजणीसाठी भुकटी निर्वातात तापवून आधीचे वायू काढतात, उणे १९६ अंश सेल्सिअसला नायट्रोजनचा दाब हळूहळू वाढवतात आणि किती वायू चिकटला ते नोंदवतात. दाब आणि चिकटलेला वायू यांचे नाते सांगणाऱ्या फ्रेंकेल-हॅल्सी-हिल समीकरणानुसार काढलेल्या लॉग आलेखाच्या उतारावरून मिती मिळते, आणि मुले अडखळतात ती नेमकी इथेच. उतार उणे ०.४ आला आणि केशिका-संघनन (बारीक छिद्रांत वायूचा द्रव होणे) गृहीत धरले, तर मिती ३ वजा ०.४, म्हणजे २.६. तोच उतार व्हॅन डर वाल्स बलांच्या (रेणूंमधल्या क्षीण आकर्षणाच्या) सूत्रात घातला तर तिप्पट वजा होऊन १.८ उरते, आणि पृष्ठभागाची मिती २ पेक्षा कमी असूच शकत नाही. म्हणजे सूत्र चुकले हे लगेच कळते. उतार उणे ०.२ असला की मात्र पंचाईत होते, कारण २.८ आणि २.४ ही दोन्ही उत्तरे दिसायला तितकीच साळसूद असतात.

कोणते सूत्र लागू पडते हे दाबावर ठरते; दाबाचा कोणता पट्टा निवडला हे न सांगता नुसती मिती छापणे मला म्हणूनच पटत नाही. प्रयोगांत फ्रॅक्टल म्हणून जाहीर झालेल्या रचनांचा आढावा रसायनशास्त्रज्ञ डेव्हिड अवनीर आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हा त्यांतील मापांचा पट्टा सरासरीने जेमतेम १.३ दशके, म्हणजे लहानात लहान मापापासून मोठ्यात मोठ्यापर्यंत सुमारे वीसपट, एवढाच निघाला होता.