"व्हेरिएशन नाही, मॅडम"

एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाच्या बॅचचं मृतदेहावर दंडाचं डिसेक्शन चालू होतं. चार नंबरच्या टेबलावरून हाक आली, "मॅडम, आमच्या बॉडीत मस्क्युलोक्युटेनियस नर्व्हच नाहीये!"

दंडाच्या पुढच्या स्नायूंना चालवणारी ही नर्व्ह काही माणसांत खरंच नसते. तिचं काम मग मीडियन नर्व्ह करते. असं व्हेरिएशन, म्हणजे नेहमीपेक्षा वेगळी रचना, दाखवायला मिळणं ही ॲनाटॉमीच्या शिक्षकासाठी पर्वणीच. बाजूच्या टेबलांवरची मुलंही गोळा झाली. मी फोरसेप्सनं बायसेप्स बाजूला केला. पण मीडियन नर्व्हची एकही शाखा त्याच्याकडे जाताना दिसेना.

"मग या स्नायूला सप्लाय कुठून?" मी विचारलं. टेबलावरची सगळी मुलं खाली बघू लागली.

तेवढ्यात मागचा एक मुलगा पुढे आला. "व्हेरिएशन नाही, मॅडम. चरबी साफ करताना माझ्याकडून तुटली." ट्रेमधल्या चरबीतून त्यानं तो पांढरा तुकडा उचलून दाखवला. ही नर्व्ह ज्यातून जाते, त्या कोरॅकोब्रॅकिएलिस स्नायूमध्ये उरलेलं टोकही मग सापडलं. त्याचा आवाज कापत होता, पण तो पूर्ण बोलला, आणि तेही चाळीसेक मुलांसमोर.

२०१९ पासूनच्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद यांचं 'एटकॉम' आहे. 'कॅडेव्हर (मृतदेह) हा आपला पहिला शिक्षक' हे मॉड्यूल पहिल्याच वर्षी येतं. मुलं त्यावर रिफ्लेक्शन लिहितात, आम्ही वाचून सही करतो. संध्याकाळी मी या टेबलाची लॉगबुकं काढली. या मुलानं जेमतेम पाच ओळी लिहिल्या होत्या. खाली बघणाऱ्यांपैकी एकीनं देहदात्याबद्दल दीड पान मनापासून लिहिलं होतं. ते खोटं होतं असं मी म्हणणार नाही. ती अठरा वर्षांची आहे आणि घाबरली होती.

बाकीच्यांना मी एकेकटं बोलावलं. सगळ्यांचं उत्तर एकच, इंटर्नलचे मार्क जातील म्हणून. स्ट्रक्चर तुटलं की टेबलापाशी उभं करून झापायची पद्धत आमच्याकडे जुनी आहे, तेव्हा ही भीती मुलांनी घरून आणलेली नाही.

मुलाच्या लॉगबुकात डिसेक्शनला 'रिपीट', म्हणजे पुन्हा करायचं, असं दिलं. फीडबॅकमध्ये लिहिलं, 'चूक स्वतःहून, सर्वांसमोर सांगितली.' तुटलेलं सांगितलं तर मार्क कापायचे नाहीत, हे एचओडी (विभागप्रमुख) सरांनी मान्य केलं. प्रामाणिकपणाला वेगळे मार्क द्यावेत का, यावर मात्र विभागात अजून वाद आहे. मी विरोधात आहे. तिथे मार्क ठेवले, तर पुढची बॅच चूकसुद्धा मार्कांसाठीच सांगेल.