एकाच पत्त्याच्या दोन फायली

22 जुलै 2021 च्या गुरुवारी चिपळूण बुडालं. आठ दिवसांनी मी रत्नागिरीहून तिथे पोचलो तेव्हा बाजारपेठेत रस्ता कुठला आणि गटार कुठलं ते कळत नव्हतं. दोन्ही बाजूंना चिखलाचे ढीग, त्यात फ्रिज, गाद्या, शिलाई मशिनं, आणि सगळ्यावर तो एक वास. ओल्या धान्याचा, डिझेलचा, आणखी कशाकशाचा. पुराचा सर्व्हे केलेल्या माणसाच्या नाकातून तो जात नाही.

मी विमा कंपन्यांसाठी नुकसानीचा सर्व्हे करतो. कंपनीचा नोकर नाही, परवाना असलेला सर्व्हेअर. काय बुडालं, कितीचं होतं, पॉलिसीत बसतं का, हे लिहून द्यायचं. पैसे द्यायचे की नाही ते कंपनी ठरवते. लोकांना मात्र वाटतं, चेकबुक आमच्याच बॅगेत आहे.

त्या दिवशी बॅगेत एकवीस फायली होत्या. सकाळी गाडीत बसून त्या गल्लीवार लावताना दिसलं, दोन फायलींवर घर क्रमांक एकच. कंपन्या वेगळ्या. एक पॉलिसी घराची, दुसरी स्टेशनरीच्या दुकानातल्या मालाची आणि फर्निचरची. पहिलीत ‘पूर्णपणे निवासी’ असं छापलेलं. दुसरीत जागेच्या रकान्यात ‘स्वतःची’.

घर जुन्या पद्धतीचं, कौलारू. पुढच्या ओटी-पडवीत दुकान, मागे माजघर नि स्वयंपाकघर, वर माळा. मालकीणबाई साठीच्या पुढच्या, एकट्या. पुराची रात्र त्यांनी माळ्यावरच काढलेली. मी टेप लावला. जोत्यापासून 7 फूट 8 इंचांवर चिखलाची सरळ रेघ, कुणी ओळंबा लावून ओढल्यासारखी. त्या रेघेच्या वर गणपतीचं कॅलेंडर कोरडं ठणठणीत होतं.

“काकू, पुढचं दुकान कुणाचं?”

“आमचंच. म्हणजे ओळखीतलेच आहेत ते. बसतात.”

दुकानात चाळिशीचे एक गृहस्थ फावड्यानं वह्या ओढत होते. त्यांना विचारलं, “जागा कुणाची?”

“आपलीच समजा.”

‘समजा’ ह्या शब्दाला रिपोर्टात रकाना नाही. मी गप्प राहिलो. तेवढ्यात त्यांनीच मोठ्या विश्वासानं तलाठ्याच्या पंचनाम्याची झेरॉक्स पुढे केली, नुकसानीचा पुरावा म्हणून. त्यात स्वच्छ लिहिलेलं: दुकानदार, भाडेकरू. सरकारी मदतीसाठी भाडेकरू आणि विम्यासाठी मालक!

दोघांना ओटीवर समोरासमोर उभं केलं तेव्हा हळूहळू बाहेर आलं. बारा वर्षांपासून दुकान तिथे आहे. भाडं दरमहा सहा हजार, रोख, पावती नाही. पहिल्या वर्षी स्टँपपेपरवर काहीतरी लिहिलं होतं. ते नोंदवलेलं नव्हतं आणि आता तो कागदही पाण्यात गेला. काकूंना भीती, साहेबांनी ‘भाडेकरू’ लिहिलं की हा माणूस कायमचा बसणार. त्याला भीती, दुरुस्तीसाठी एकदा बाहेर पडलो की परत आत येणं नाही.

मी वकील नव्हे, पण ह्या धंद्यात एवढं कानावरून गेलेलं असतं. काकूंना म्हटलं, माझ्या लिहिण्यानं कुणाला हक्क मिळत नाही. महाराष्ट्राच्या 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याचं कलम 55 म्हणतं की करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरू सांगेल ते धरून चालतात, उलट सिद्ध होईपर्यंत. म्हणजे लपवून तुमचीच बाजू पातळ होते. आणि त्याला सांगितलं, भाडेपट्टा असेल तर इमारत पडली एवढ्यानं तो संपत नाही, असं सुप्रीम कोर्टानं 2014 मध्ये म्हटलंय; तुमच्या व्यवहाराला ते लागू आहे का, ते वकिलाला विचारा. दोघांनी एकमेकांकडे न बघता मान हलवली.

मग आलं रॅक. दुकानाच्या लांबच्या भिंतीवरचं अखंड रॅक मधोमध फाटून पुढे आलं होतं. पाण्याच्या धक्क्यानं नव्हे. कोविडमुळे शाळा बंद, वर्षभराच्या वह्या पडून; त्या गच्च रचलेल्या, पाणी पिऊन फुगल्या आणि त्यांनीच रॅक फोडलं. कागद फुगला की किती जोर लावतो ते पाहिल्याशिवाय पटत नाही. आणि हे एकच रॅक दोन्ही दाव्यांत होतं. काकू म्हणाल्या, सासऱ्यांच्या वेळचं सागवान. दुकानदार म्हणाला, मी पदरचे पैसे घालून केलंय, बिल वाहून गेलं.

मी बॅटरी घेऊन मागे शिरलो. भिंतीचा बाकीचा रंग फिकट पिवळा. रॅकच्या मागे मात्र पट्ट्यापट्ट्यांनी जुना निळा. म्हणजे उभे खांब पिवळ्या रंगाआधीचे. “पिवळा कधी दिलात?” “मुलाच्या मुंजीत, 1998 ला.” झालं, काकू खऱ्या. पण फळ्या हातात घेतल्या तर प्लायवूड, पापुद्रे सुटलेला, कडेला पत्त्यांच्या जोडासारखा उलगडलेला. सागवानाचे असे पापुद्रे निघत नाहीत. दुकानदारही खरा. खांब त्यांचे, फळ्या ह्याच्या. प्रत्येकानं आपला अर्धा खरा भाग पूर्ण रॅक म्हणून लिहिला होता.

एक कोरा कागद घेतला. कोरडं टेबल नव्हतं, म्हणून स्कूटरच्या सीटवर ठेवून दोघांचा एकत्र जबाब लिहिला: कोण मालक, कोण भाडेकरू, कुठलं सामान कुणाचं. सह्या झाल्या. दोन्ही कंपन्यांना त्याच संध्याकाळी कळवलं की एकाच जागेची दोन्ही कामं माझ्याकडे आहेत.

खरं अवघड काम पुढे होतं, काकूंना सरासरीचं कलम सांगणं: किमतीपेक्षा कमीचा विमा काढला, तर भरपाईही त्याच प्रमाणात कमी. घराची घसारा वजा जाता किंमत 20 लाख, विमा 12 लाखांचा. कर्ज तेवढं होतं, म्हणून बँकेनं तेवढाच काढलेला. नुकसान भरलं 3 लाख 40 हजार. हातात येणार साठ टक्के.

“काकू, घरात वीस नारळ होते, विमा बाराचाच उतरवलात. पाच फुटले तर कंपनी तीनच देते.”

“मग उरलेले दोन कुणी फोडले?”

ह्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. 1 एप्रिल 2021 पासून घरांसाठी भारत गृह रक्षा पॉलिसी आली, तिच्यात घराला ही सरासरी लावत नाहीत. काकूंचं नूतनीकरण मार्चमध्ये झालेलं, जुन्याच मसुद्यावर. पंधरा-वीस दिवसांचा फरक. हे मी त्यांना सांगितलं नाही.

‘निवासी’ ह्या शब्दावरून कंपनी अडलीच. दावा नाकारायच्या गोष्टी सुरू झाल्या. मी बँकेतून कर्जाच्या वेळचा मूल्यांकन अहवाल मागवला. त्यात बँकेच्याच इंजिनिअरनं लिहिलं होतं: पुढील भागात दुकान. फॉर्म बँकेच्या माणसानं भरलेला, काकूंनी फक्त सही केलेली. तो कागद रिपोर्टाला जोडला. शेवटी 2 लाख 4 हजार मंजूर झाले, पण पॉलिसीवर बँकेचं नाव असल्यानं रक्कम थेट कर्जखात्यात गेली. कौलं काय कर्जखात्यावर चढवायची? दोन अर्ज आणि तीन खेपांनंतर बँकेनं ती दुरुस्तीसाठी सोडली.

दुकानदाराचा स्टॉक रजिस्टर लगदा झाला होता. पण जीएसटीची विवरणपत्रं आणि घाऊक व्यापाऱ्यांनी मेलवर पाठवलेली बिलं पाण्यात बुडत नाहीत. त्यांवरून माल उभा केला. ‘स्वतःची’ जागा लिहिल्याबद्दल त्याच्या कंपनीनं खुलासा घेतला आणि फळ्यांपुरतं फर्निचर धरलं.

दिवाळीनंतर काकूंचा फोन आला. करार नोंदवायचाय, साक्षीदार म्हणून याल का? मी नाही म्हटलं, ते माझ्या कामात बसत नाही. मसुदा मात्र त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. सामानाच्या यादीत सहाव्या क्रमांकावर होतं: भिंतीवरील रॅक, उभे खांब मालकाचे, फळ्या भाडेकरूच्या.