एक नळ, सत्तावीस माणसं

मे महिन्यातली गोष्ट. सकाळचे अकरा वाजले होते आणि पारा ४३ च्या वर. नव्या दरांची नमुना बिलं वाटायला मी आणि आमचा मीटर रीडर जुन्या गावात शिरलो होतो.

मी तापीकाठच्या एका नगरपरिषदेत पाणीपुरवठ्याचा अभियंता. गावाचं नाव सांगत नाही, साहेबही हे वाचतील. आमच्याकडे वर्षानुवर्षं पाणीपट्टी नळाच्या जाडीवर ठरायची. अर्धा इंचीला वर्षाचे एवढे, पाऊण इंचीला तेवढे. घरात माणसं दोन असोत की बारा, कुणी हंडे मोजून भरो की अंगणात पाइप सोडून गप्पा मारत बसो, रक्कम तीच. मग मीटर बसले आणि टेलिस्कोपिक दराचा, म्हणजे वापर वाढेल तसा टप्प्याटप्प्याने चढणाऱ्या दराचा, प्रस्ताव करायचं काम माझ्या टेबलावर आलं. कराडजवळच्या मलकापूरने (आपल्या शेजारचं बुलढाण्यातलं मलकापूर नव्हे) ही पद्धत चोवीस तास पाण्यासकट चालवून दाखवली होती, म्हणून मला ठाम खात्री.

माझा हिशेब असा: महिन्याला पहिली १५ युनिटं ८ रुपयांनी, पुढची १० युनिटं १२ रुपयांनी, २५ च्या वर गेलात की २० रुपयांनी. युनिट म्हणजे हजार लिटर. १५ हा आकडा हवेतला नव्हता. पाच माणसांचं घर, माणशी रोज १०० लिटर, तीस दिवस. कागदोपत्री मापदंड १३५ लिटरचा आहे, पण तो भुयारी गटार असलेल्या शहरांचा. आमच्याकडे नळ चौथ्या दिवशी येतो.

तर जुन्या गावातला तो वाडा. दिंडी दरवाजातून आत गेलो तर चौकात टिपाडांची रांग, त्यांवर फडकी बांधलेली. सहा बिऱ्हाडं, नळ एकच, मीटर एकच. वापर ५७ युनिटं, बिल ८८० रुपये. ओट्यावर बसलेल्या आजींच्या हातात कागद दिला. त्यांनी तो नातीकडून वाचून घेतला आणि शांतपणे म्हणाल्या, "भाऊ, आम्ही सत्तावीस माणसे शेतस. तुमनं मीटर माणसे मोजत नही, पानी मोजस."

मी काहीतरी पुटपुटलो. जास्त वापराला जास्त दर, बचतीची सवय, असलं. आजींनी टिपाडाकडे बोट दाखवलं. तळाशी वीतभर पाणी होतं, आणि नळ यायला अजून दोन दिवस होते.

पुढचं बिल नव्या कॉलनीतल्या बंगल्यात द्यायचं होतं. नवरा-बायको दोघंच, निवृत्त. १२ युनिटं, ९६ रुपये. हिरवळीवर पाणी उडत होतं ते बोअरचं. आमच्या मीटरला त्याचा पत्ताच नाही. काका खूश झाले. म्हणाले, "साहेब, अगदी न्याय्य पद्धत आणली तुम्ही!"

कडुलिंबाखाली गाडी लावून मी बिलाच्याच पाठीवर आकडेमोड केली. वाड्यात माणशी रोज ७० लिटर, बंगल्यात माणशी २००. वाड्याला हजार लिटरला पडले साडेपंधरा रुपये, बंगल्याला आठ. त्याच सहा बिऱ्हाडांचे नळ वेगळे असते तर सगळ्यांचं मिळून साधारण ४५६ रुपये झाले असते. म्हणजे गरीब आहेत म्हणून एका नळावर राहतात, आणि एका नळावर राहतात म्हणून जवळजवळ दुप्पट भरतात. शिवाय नळ येताना आधी हवाच सुसाट येते आणि मीटर गरगर फिरवते, पण ते रडगाणं पुन्हा कधीतरी.

दुपारी साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "मग दिल्लीसारखं करू, थोडं फुकट." दिल्लीत २०१५ पासून मीटरवाल्या घराला महिन्याला २० हजार लिटर मोफत, ती रेघ ओलांडली की पहिल्या थेंबापासून बिल. वाडा तिथेही पहिल्या दहा-अकरा दिवसांतच रेघेपलीकडे गेला असता. साहेब गप्प झाले. मग खरा प्रश्न विचारला, "वाड्याचे सोडलेले पैसे आणायचे कुठून? पंपांचं वीजबिल कोण भरणार?" तेही खरंच होतं. वॉशिंग सेंटर, मंगल कार्यालय, बर्फाचा कारखाना यांचा बिगरघरगुती दर थोडा चढवला. चहाच्या टपऱ्या त्यातून वगळा म्हणून मी अडून बसलो. दिवसाला दोन हंडे पाणी लागणाऱ्याला कारखान्याच्या ओळीत बसवायचं मला पटत नव्हतं.

शेवटी प्रस्तावात एकच वाक्य वाढवलं: सामायिक नळावर जितकी कुटुंबं, तितक्या पटीने टप्पे मोजावेत, पुरावा रेशनकार्ड. सहा बिऱ्हाडं म्हणजे पहिला टप्पा ९० युनिटांचा. वाड्याचं बिल ४५६ वर आलं. सभेत एका नगरसेवकाने विचारलं, एवढ्यासाठी वेगळा नियम कशाला? मी वाड्यांची यादी पुढे सरकवली.

ठराव झाल्याच्या पंधरवड्यातच ते बंगलेवाले काका कार्यालयात आले. हातात दोन रेशनकार्डं. मुलगा आता वरच्या मजल्यावर वेगळा राहतो म्हणे, पुण्याहून अधूनमधून येतो.

मी म्हटलं, "काका, उद्या येतो घरी. फक्त दुसरी चूल दाखवा."

काकांनी दोन्ही कार्डं खिशात घातली आणि चौथ्या दिवसाच्या पाण्याचा विषय काढला.