एका गाण्याचे पोटहिस्से

मेल आला तेव्हा मी दुकानात एका लग्नपत्रिकेचं प्रूफ बघत होतो. बेळगावच्या शहापुरात माझा लहानसा ऑफसेट छापखाना आहे. पत्रिका एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड, आणि वधूच्या मामांचं आडनाव दोन्हीकडे वेगवेगळं पडलेलं. त्या गडबडीत फोन वाजला. तुमच्या वेबसाइटवरच्या २८ फायली आम्ही बंद केल्या आहेत, असं अमेरिकेतल्या होस्टिंगवाल्याने कळवलं होतं. सोबत मुंबईच्या एका वकिली फर्मची नोटीस, एका संगीत कंपनीच्या वतीने.

वेबसाइट म्हणजे माझं वेड. एका जुन्या नाट्यसंगीत गायकाची. त्यांचं नाव लिहीत नाही, कारण पुढे तसा शब्द द्यावा लागला. बुवा म्हणू. माझे वडील त्यांचे भक्त. बुवांच्या ११ तबकड्या, म्हणजे दोन्ही बाजू धरून २२ गाणी, १९७१ ची एक एलपी (जास्त गाण्यांची मोठी तबकडी) आणि टिळकवाडीत एका घरी १९७९ साली झालेल्या मैफलीची टेप, एवढी वडलांची इस्टेट. अण्णासाहेब किर्लोस्कर आमच्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे, कुमार गंधर्व सुळेभावीत जन्मलेले. गाणं ऐकायला इथल्या माणसाला कारण लागत नाही. वडील गेल्यावर मी सगळं डिजिटल करून चढवलं. सोबत फोटो, माहिती, माझी चार शब्दांची टिपणं. आणि होस्टिंगचा खर्च निघावा म्हणून कोपऱ्यात देणगीचं एक बटण. त्या बटणाचं पुढे येईलच.

नोटिशीत पाच लाखांची भरपाई मागितली होती, १५ दिवसांची मुदत होती आणि कॉपीराइट कायद्याचं कलम ६३ होतं. सहा महिने ते तीन वर्षं कैद, ५० हजार ते दोन लाख दंड. मी इंटरनेटवर शोधलं तर वर आणखी कळलं, की हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटलंय. दोन रात्री झोप नाही. बायको म्हणाली, "तुम्ही एवढं चोरलंय तरी काय?" मला उत्तर देता येईना, आणि खरं तर तोच प्रश्न होता.

पहिली चूक मी त्याच रात्री करणार होतो. होस्टिंगवाल्याच्या मेलमध्ये प्रत्युत्तराचा एक फॉर्म होता. भरून पाठवला की १० ते १४ कामाच्या दिवसांत तक्रारदाराने कोर्टात जायचं, नाही गेला तर फायली परत चालू. एकदम सोपं! नाव, पत्ता भरला. शेवटच्या रकान्याआधी एक ओळ होती, की वाद झाला तर अमेरिकेतल्या संघीय न्यायालयाचं अधिकारक्षेत्र मला मान्य आहे. मित्र म्हणाला, "भर की, कोण बोलावूलंय तुला तिथं." मी खूण करायला गेलो आणि थांबलो. सकाळी उठून कोर्टाच्या आवारात गेलो.

आमचे वकील वाटण्या, कूळ, वहिवाट यांत मुरलेले. टेबलावर जमिनीच्या कन्नड उताऱ्यांचा ढीग. टायपिस्टशी कन्नडात, माझ्याशी मराठीत, नोटीस इंग्रजीत वाचत. म्हणाले, "गाण्याची केस माझ्याकडं पहिल्यांदाच आली. दोन दिवस द्या, कायदा वाचतो." मला हा माणूस तिथेच आवडला. फॉर्म पाठवला नाही हे ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला आणि म्हणाले, थोडक्यात वाचलात.

तिसऱ्या दिवशी त्यांनी मला समजावलं ते असं. "तुम्ही गाण्याला एक सर्व्हे नंबर समजूलाय. तसं नसतंय. त्यात पोटहिस्से असतात. शब्द एकाचे, चाल दुसऱ्याची, रेकॉर्डिंग तिसऱ्याचं. एकाचा हक्क संपला म्हणून दुसऱ्याचा संपत नाही. प्रत्येकाचा उतारा वेगळा काढायचा." मग कागदावर तीन रकाने आखले. शब्द आणि चाल यांची मुदत कवी-संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. ध्वनिमुद्रणाची मुदत प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षं. मोजणी दोन्हीकडे पुढच्या १ जानेवारीपासून. पूर्वी ही मुदत ५० वर्षं होती, १९९२ मध्ये वाढवली.

माझे दोन ठाम समज त्यांनी दोन मिनिटांत निकालात काढले. ३० सेकंदांपर्यंत गाणं वाजवलं तर चालतं, असं मला कोणीतरी सांगितलं होतं; आपल्या कायद्यात असा सेकंदांचा आकडाच नाही. समीक्षेसाठी वाजवी वापराला मोकळीक आहे, पण पूर्ण गाणं चढवून खाली दोन ओळी लिहिल्या की ती समीक्षा होत नाही. आणि पानाच्या तळाशी मी मोठ्या भक्तिभावाने लिहिलेलं 'कोणाच्याही हक्कांचा भंग करण्याचा हेतू नाही' हे वाक्य. ते वाचून वकील नुसते हसले.

मग उतारे काढायला बसलो. नोटिशीतल्या २८ फायलींत सहा एलपीच्या होत्या. १९७१ ची एलपी म्हणजे २०३१ अखेरपर्यंत हक्क शाबूत. तिथे वादच नव्हता, मी त्याच दिवशी त्या माझ्या हाताने काढल्या. राहिली तबकड्यांची २२ गाणी. नोटीस फेब्रुवारी २०२४ ची, म्हणजे १९६३ अखेरपर्यंत निघालेल्या तबकड्यांचं ध्वनिमुद्रण मोकळं. माझ्या तबकड्या सगळ्या त्याच्या आधीच्या. पण हे दाखवायचं कसं? तबकडीवर सालच छापलेलं नाही. लाखेचा तो काळा, जड तुकडा, मधल्या गोल कागदावर गाण्याचं नाव, नाटकाचं नाव, एक क्रमांक. बस. ही तबकडी १९५८ ची हे मला ठाऊक. कोर्टाला कुठून ठाऊक असणार?

या कामात चार महिने गेले, आणि खरं सांगायचं तर या सगळ्यात मला मजा आली ती इथेच. वडलांच्या ट्रंकेत तबकड्यांची बिलं होती. माणूस रद्दीवाल्याला पेपर देताना दहादा बघायचा, त्या सवयीची आम्ही खूप थट्टा केली होती. आठ तबकड्यांची बिलं मिळाली, तारीख आणि तबकडीचा क्रमांक दोन्ही असलेली. कागद इतका पिवळा की हातात घेताना तुकडा पडेल, म्हणून आधी फोटो काढले, मग हात लावला. एका बिलावर वडलांच्या अक्षरात पेन्सिलीने लिहिलं होतं, 'आईला सांगू नये.' राहिलेल्या तिन्हींसाठी मिरजेच्या एका संग्राहकाकडे गेलो. त्यांच्याकडे रेकॉर्ड कंपनीची जुनी सूचीपत्रकं होती. त्यांनी सूची हातात दिली नाही, समोर बसवून वाचू दिली. बरोबर केलं.

ध्वनिमुद्रणाचा रकाना भरला. आता शब्द आणि चाल. १४ गाणी जुन्या संगीत नाटकांतली. नाटककार देवल १९१६ मध्ये गेले. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर १९४८ मध्ये, म्हणजे त्यांची मुदत २००८ अखेर संपली. गोविंदराव टेंब्यांच्या चाली, ते १९५५ मध्ये गेले, मुदत २०१५ अखेर. तिन्ही रकाने मोकळे. पण उरलेली आठ भावगीतं. त्यांचे कवी १९७४ मध्ये गेलेले. तबकडी मोकळी, आवाज मोकळा, पण शब्द २०३४ अखेरपर्यंत बांधलेले. मला हे फार लागलं, कारण त्या आठांतली तीन तर वडलांची सगळ्यात लाडकी. वकील म्हणाले, "रस्ता तुमचा, पण विहीर दुसऱ्याची. पाणी काढता येत नाही." आठही उतरवली.

म्हणजे २८ पैकी कंपनी १४ फायलींबाबत बरोबर होती आणि १४ बाबत चूक. तिने बहुधा बुवांचं नाव दिसेल तेवढ्या सगळ्या फायलींची यादी करून धाडली होती. आणि मीही बुवांचं नाव दिसेल तेवढं सगळं चढवलं होतं.

वेबसाइट आम्ही बेंगळुरूच्या होस्टिंगवर आणली. कारण साधं होतं. अमेरिकेच्या २०१८ च्या कायद्यात १९२३ ते १९४६ मधल्या ध्वनिमुद्रणांना प्रकाशनापासून १०० वर्षं संरक्षण आहे. इथे मोकळी झालेली तबकडी तिथल्या सर्व्हरवर अडकणार. वकिलांचं म्हणणं, भांडायचंच तर आपल्या कायद्याने भांडू. मुंबईच्या फर्मला तक्त्यासह उत्तर गेलं. उत्तराला उत्तर आलं नाही. ऑगस्टमध्ये त्याच १४ गाण्यांची तक्रार नव्या होस्टिंगवाल्याकडे गेली. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे त्याने ३६ तासांत फायली बंद केल्या. पण त्याच नियमात पुढे असंही आहे, की तक्रारदाराने २१ दिवसांत कोर्टाचा हुकूम आणला नाही तर त्या परत चालू करता येतात. मी छापखान्यातल्या कॅलेंडरवर एकेक दिवस खोडत होतो. कामगारांना वाटलं, कुठल्या तरी उपासाचे दिवस मोजतोय. बाविसाव्या दिवशी गाणी चालू झाली. कंपनीकडून त्यानंतर एक अक्षर नाही. बिनबुडाच्या धमकीबद्दल उलट दावा लावायची सोय कलम ६० मध्ये आहे, पण माझ्यात तेवढा दम उरला नव्हता, आणि निम्मी चूक माझी होतीच.

इथे संपलं असं वाटत होतं. सप्टेंबरात कोल्हापूरहून रजिस्टर पत्र आलं. मराठीत, हाताने लिहिलेलं. बुवांच्या मुलीचं.

त्यांचं म्हणणं तीन ओळींचं होतं. मैफलीची टेप कोणाला विचारून लावली? वडलांचा फोटो कोणाला विचारून लावला? आणि त्यांच्या आवाजावर तुम्ही पैसे गोळा करता का?

कंपनीच्या नोटिशीने घाबरलो होतो. या पत्राने मान खाली गेली. टेप वडलांनी केली म्हणजे ती आमची, असं मी धरून चाललो होतो. पण मैफलीतल्या चार बंदिशी बुवांच्या स्वतःच्या. बुवा १९८८ मध्ये गेले, म्हणजे २०४८ अखेरपर्यंत त्या बंदिशी त्यांच्या वारसांच्या. फोटो इथल्याच एका स्टुडिओत बुवांनी पैसे देऊन काढून घेतलेला. असा फोटो, वेगळं काही ठरलं नसेल तर, काढून घेणाऱ्याच्या मालकीचा. तोही त्यांचाच. आणि देणगीचं बटण! कमाईसाठी भंग केला नसेल तर कोर्ट शिक्षा कमी करू शकतं, एवढी एकच सवलत कलम ६३ मध्ये आहे, आणि वर्षाला होस्टिंगपुरते पैसे मिळवायला मी तीच घालवून बसलो होतो. बटण त्याच संध्याकाळी काढलं.

वकील म्हणाले, याला नोटीस-बिटीस काही नको, जाऊन भेटा. कुंद्याच्या मिठाईचा डबा घेऊन सकाळची बस धरली. संकेश्वर, निपाणी, कोगनोळीचा नाका.

बाई सत्तरीच्या पुढच्या. डबा त्यांनी टेबलावर ठेवला, उघडला नाही. म्हणाल्या, "ऐकवा." मी फोनवर टेप लावली. तबला लावतानाचा आवाज, कोणीतरी 'चहा आला' म्हणतं, मग बुवा खोकतात. बराच वेळ. मग हळू आवाजात कोणाला तरी 'पाणी दे ग' म्हणतात. मी ही टेप शेकडो वेळा ऐकली असेल, ती जागा मी नेहमी पुढे ढकलायचो. बाई तिथेच थांबल्या. "मागे घ्या जरा." पुन्हा ऐकलं. मग म्हणाल्या, "ते मला म्हणतायत. तंबोऱ्यामागे मी बसले होते."

परवानगी त्यांनी दिली. अटी त्यांच्या: टेप ऐकता यावी पण उतरवून घेता येऊ नये, पैसे नाहीत, बुवांचं नाव लावून बाहेर कुठे या प्रकरणाची चर्चा नाही, आणि खोकल्याची जागा कापायची. "लोकांनी ते कशाला ऐकायचं? तेवढा तुकडा मला एका पेनड्राइव्हवर पाठवा."

करारनामा मराठीत हवा, हीही अट. वकिलांच्या टायपिस्टला मराठी टाइप येत नाही, म्हणून तो मी छापखान्यात स्वतः जुळवला. वकिलांनी त्यात दोन जागा पकडल्या. मुदत लिहिली नव्हती. न लिहिल्यास पाचच वर्षं धरली जातात. प्रदेश लिहिला नव्हता. न लिहिल्यास फक्त भारत. वेबसाइट तर दुबईतला माणूसही ऐकतो. बाईंना फोन केला, तर म्हणाल्या जगभर चालेल, पण मुदत पाचच ठेवा, पुढचं माझा भाचा ठरवेल. मग स्टॅम्प कर्नाटकचा की महाराष्ट्राचा, यावर अर्धा दिवस गेला. शेवटी दोघांनी कोल्हापुरात बसून सह्या केल्या, तिथल्याच स्टॅम्पवर. महाराष्ट्रात नुकताच ५०० चा स्टॅम्प सक्तीचा झाला होता. पैसे मी भरायला गेलो तर बाईंनी निम्मे दिले.

राहिली ती आठ भावगीतं. कवींच्या वारसांचा पुण्यातला एक जुना पत्ता मिरजेच्या संग्राहकांनी शोधून दिला. तिन्ही रकान्यांचा तक्ता जोडून परवानगीचं पत्र रजिस्टरने पाठवलं. गेल्या महिन्यात ते परत आलं, पाकिटावर पोस्टमनचा शेरा: 'सदर इसम येथे राहत नाही.' दुसरा एक पत्ता नाशिकचा मिळालाय.