तुम्ही विचारलंत म्हणून: लॅपटॉप सोडून टॅब का घेतला?

माझ्या हातात टॅब दिसला की प्रश्न ठरलेला असतो: ‘एवढ्या पैशांत चांगला लॅपटॉप आला असता की! टॅब कशाला घेतलात?’ भाचा विचारतो, कामाच्या ठिकाणचे लोक विचारतात, ज्यांच्या पुस्तकांची प्रुफं तपासते ते लेखकही विचारतात. काहीजण विचारतसुद्धा नाहीत, ‘नुसता मोठा फोन आहे हा’ म्हणून निकाल देऊन मोकळे होतात. तुम्ही सरळ विचारलंत, म्हणून नीट सांगते.

मी मुद्रितशोधनाचं काम करते. अक्षरजुळणी झालेल्या पानांची पीडीएफ येते, ती वाचायची, चुका दाखवायच्या, परत पाठवायची. दिवसभर डोळे पानावर आणि हातात पेन. टायपिंग जवळजवळ नाहीच. माझी सगळी निवड या एका गोष्टीवरून ठरली.

आपली बरीचशी पुस्तकं डेमी आकारात निघतात. छापील पान साधारण ८.५ बाय ५.५ इंच. माझ्या टॅबचा स्क्रीन ११ इंची आहे, म्हणजे तिरका मोजला तर. उभा धरला की तो साधारण ९ इंच उंच आणि ६ इंचांहून थोडा जास्त रुंद भरतो. डेमीचं पान त्यात खऱ्या मापात मावतं, शिवाय कडेला खुणा करायला बोटभर जागा उरते. छापून आल्यावर वाचकाला अक्षर जेवढं दिसणार तेवढंच मला आज दिसतं. टाइप बारीक झालाय का, दोन ओळींमधलं अंतर कमी पडतंय का, हे त्या मापातच कळतं. लॅपटॉपचा स्क्रीन आडवा असतो. त्यावर पूर्ण पान बसवायचं तर अक्षरं बारीक होतात, मोठं करावं तर अर्धंच पान दिसतं आणि सतत वर-खाली सरकवावं लागतं. सरकवताना ओळ सुटते. मुद्रितशोधकाच्या हातून ओळ सुटणं म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको.

आणि आपली लिपी! ‘मूर्तींना’ हा शब्द घ्या. एका ‘त’च्या डोक्यावर वेलांटी, रफार आणि अनुस्वार, तिघांची गर्दी. काही फॉन्टमध्ये अनुस्वार रफाराला इतका चिकटतो की तो आहे की गळलाय तेच समजत नाही. अशा वेळी दोन बोटांनी तेवढा शब्द मोठा करते, खात्री करून घेते आणि पुढे जाते. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांवर सारख्याच चालणाऱ्या अक्षरपद्धतीत, आणलेला असला की हे काम आणखी वाढतं. त्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते आणि युनिकोडमध्ये अक्षराच्या नंतर. रूपांतर नीट झालं नाही तर वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते, रफार एक घर पुढे किंवा मागे सरकतो. अशी पानं मी नेहमी तपासते आणि टॅबवर ती तपासताना डोळ्यांना जो आराम मिळतो, तो मला फार मोलाचा वाटतो.

खुणा मी हातानेच करते. चुकीच्या अक्षरावर काट, समासात दुरुस्ती, जोडायचं असेल तिथे जोडचिन्ह. पेन टेकलेलं असताना तळहात स्क्रीनवर ठेवला तरी त्याच्या रेघोट्या उमटत नाहीत, त्यामुळे कागदावर टेकवतो तसा हात टेकवता येतो. लॅपटॉपवरही पीडीएफमध्ये शेरे टाकता येतात हे मला ठाऊक आहे. पण प्रत्येक चुकीला एक चौकट उघडा, त्यात टाइप करा. मग अक्षरजुळणी करणाऱ्याने त्या चौकटी एकेक करून उघडायच्या. हाताची खूण त्याला पान उघडताक्षणी दिसते.

‘धड फोन नाही, धड लॅपटॉप नाही’ हा शेरा तर फार जुना. २७ जानेवारी २०१० ला स्टीव्ह जॉब्झ यांनी पहिला आयपॅड दाखवला, तेव्हाही अनेकांनी त्याला मोठा आयपॉड टच (अ‍ॅपलचंच गाणी ऐकायचं, टचस्क्रीनचं छोटं यंत्र) म्हणून हिणवलं होतं. मुळात वहीसारखा हातात धरून वाचता यावा, त्यावर लिहिता यावं अशा संगणकाची कल्पना संगणकशास्त्रज्ञ अ‍ॅलन के यांनी १९७२ मध्येच सविस्तर मांडली होती, डायनाबुक या नावाने. लॅपटॉप तेव्हा बाजारात आलेलेही नव्हते. त्यामुळे टॅबला अर्धवट लॅपटॉप म्हटलेलं मला पटत नाही.

लांबलचक मजकूर टाइप करायचा असेल, मोठी सूची करायची असेल, चार फायली शेजारी ठेवून ताडून बघायच्या असतील, तर मी घरच्या जुन्या संगणकावर बसते. ज्यांचं रोजचं कामच ते आहे त्यांनी लॅपटॉपच घ्यावा, मीही त्यांना तेच सांगते.

टीकेतला एक मुद्दा मात्र मी मनापासून मानते, तो आयुष्याचा. बहुतेक टॅबची बॅटरी घरी बदलता येत नाही आणि कंपनीने अपडेट देणं थांबवलं की चांगलं चालणारं यंत्र हळूहळू मागे पडतं. युरोपियन युनियनने २० जून २०२५ पासून तिथे नव्याने बाजारात येणाऱ्या टॅबना अट घातली आहे की चार्जिंगच्या ८०० फेऱ्यांनंतरही बॅटरीची किमान ८० टक्के क्षमता टिकली पाहिजे. असे नियम सगळीकडे यायला हवेत असं मला फार वाटतं. तोवर मी घेताना अपडेट किती वर्षं मिळणार हे आधी विचारून घेतलं, आणि तुम्हीही विचारा.

तुमचंही काम वाचण्याचं आणि खुणा करण्याचं असेल, तर दुकानात जाताना स्वतःची एक पीडीएफ सोबत न्या. तिथे दाखवायला ठेवलेल्या रंगीत चित्रांवरून काहीच कळत नाही. आपलं पान उघडा, टॅब उभा धरा, सोबतचं पेन मागून घ्या आणि समासात दोन ओळी लिहून बघा. अक्षर नेहमीसारखं आलं, पान न सरकवता वाचता आलं, तर घ्या.